‘लाइफ इज ब्युटिफुल’ : सबटायटल्स असूनही जगभर चाललेल्या सिनेमाचा हिशेब

ऑस्करच्या सोहळ्यात एक माणूस खुर्च्यांच्या पाठीवर उभा राहून दोन्ही हात उंचावतोय, स्टीव्हन स्पिलबर्ग त्याला आधार देतायत आणि स्टेजवर सोफिया लॉरेन हसत उभ्या आहेत. ही क्लिप तुम्ही एकदा तरी पाहिली असेल. तो माणूस म्हणजे इटलीचे अभिनेते-दिग्दर्शक रोबेर्तो बेनिनी. तारीख २१ मार्च १९९९. सिनेमा ‘ला व्हिता ए बेला’, म्हणजेच ‘लाइफ इज ब्युटिफुल’.

ज्यूंच्या नरसंहारावरचा सिनेमा, तोही इटालियन भाषेत आणि अर्ध्याहून अधिक विनोदी. असा सिनेमा जगभरात २३ कोटी डॉलर कमावतो आणि तीन ऑस्कर घेऊन जातो, हे कसं घडलं? आणि इतकं यश मिळूनही त्याच्यावर इतकी कडक टीका का झाली? समजून घेऊ.

आधी आकडे बघू

- इटलीत प्रदर्शित : २० डिसेंबर १९९७
- अमेरिकेत प्रदर्शित : २३ ऑक्टोबर १९९८
- निर्मितीचा खर्च : सुमारे २ कोटी डॉलर
- अमेरिका आणि कॅनडातली कमाई : सुमारे ५ कोटी ७६ लाख डॉलर
- जगभरातली कमाई : सुमारे २३ कोटी डॉलर
- ऑस्कर : ७ नामांकनं, ३ पुरस्कार

म्हणजे खर्चाच्या साधारण साडेअकरा पट तिकीटविक्री. यातला जेमतेम चौथा हिस्सा उत्तर अमेरिकेतला, बाकीचा इटली आणि इतर देशांतला. अर्थात तिकीटविक्रीचा सगळा पैसा निर्मात्याच्या खिशात जात नाही. थिएटर आणि वितरकांचा वाटा त्यातूनच जातो. तरीही ‘नरसंहारावरचा सिनेमा कोण बघणार’ या प्रश्नाला हे आकडे पुरेसं उत्तर देतात.

गोष्ट काय आहे?

गुइदो हा ज्यू तरुण इटलीतल्या एका गावात येतो आणि डोरा नावाच्या शिक्षिकेच्या प्रेमात पडतो. पहिला भाग हा निखळ विनोदी प्रेमकथा आहे. पुढे दोघांचं लग्न होतं, मुलगा होतो आणि एके दिवशी बापलेकाला छळछावणीत नेलं जातं. डोरा ज्यू नाही, पण ती हट्टाने त्याच गाडीत चढते. मुलाला भीती वाटू नये म्हणून गुइदो त्याला सांगतो, हा सगळा एक खेळ आहे. जो हजार गुण मिळवेल त्याला खराखुरा रणगाडा बक्षीस.

गुइदोची भूमिका बेनिनी यांची, डोराची त्यांच्या पत्नी निकोलेत्ता ब्रास्की यांची, तर मुलाची जॉर्जो कांतारिनी या बालकलाकाराची. पटकथा बेनिनी आणि विन्चेन्झो चेरामी यांनी मिळून लिहिली. चित्रीकरणाचा बराच भाग अरेत्झो शहरातला.

कल्पनेमागे एक घरगुती धागाही होता. बेनिनी यांचे वडील लुइजी यांनी युद्धात जर्मनांच्या कैदेत दोन वर्षं काढली होती. ते ज्यू नव्हते. पण तिथले अनुभव ते मुलांना हसत-हसवत सांगायचे, मुलं घाबरू नयेत म्हणून.

घरच्या मैदानावर

परदेशात गाजण्याआधी हा सिनेमा इटलीत तुफान चालला. त्याचं एक साधं कारण म्हणजे बेनिनी तिथे आधीपासूनच मोठे विनोदी स्टार होते. ‘जॉनी स्तेक्किनो’ (१९९१) आणि ‘इल मोस्त्रो’ (१९९४) या त्यांच्या सिनेमांनी तिथे गल्ला भरला होता. त्यामुळे लोक नेहमीचे बेनिनी बघायला आले आणि अर्ध्या सिनेमानंतर छावणीच्या फाटकाशी पोहोचले.

इटलीतल्या कमाईत ‘लाइफ इज ब्युटिफुल’ हा सर्वाधिक कमावणारा इटालियन सिनेमा ठरला. हा विक्रम २०११ मध्ये केको झालोने यांच्या ‘के बेला जोर्नाता’ या विनोदी सिनेमाने मोडला. इटलीचे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार मानले जाणारे ‘दाविद दी दोनातेल्लो’ त्याला तब्बल नऊ मिळाले, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा धरून.

कानमध्ये दुसरा नंबर, पण चर्चा पहिल्याची

मे १९९८. कान महोत्सवाच्या परीक्षक मंडळाचे अध्यक्ष होते मार्टिन स्कॉर्सेसी. सर्वोच्च ‘पाम द’ऑर’ ग्रीक दिग्दर्शक थिओ अँजेलोपोलस यांच्या ‘इटर्निटी अँड अ डे’ला गेला. ‘लाइफ इज ब्युटिफुल’ला दुसऱ्या क्रमांकाचा ‘ग्रां प्री’ मिळाला. बेनिनी यांनी स्टेजवर लोटांगण घालून स्कॉर्सेसींच्या पायांचे मुके घेतले आणि दुसऱ्या दिवशी जगभरच्या वर्तमानपत्रांत विजेत्यापेक्षा त्यांचाच फोटो झळकला.

त्याच वर्षी जेरुसलेमच्या चित्रपट महोत्सवातही त्याला पुरस्कार मिळाला. हा सिनेमा ज्यू प्रेक्षकांना चालेल का, ही धाकधूक असताना त्या पुरस्काराचं मोल वेगळंच होतं. टोरोंटोमध्ये प्रेक्षकांच्या मतांवर दिला जाणारा ‘पीपल्स चॉइस’ही त्यालाच मिळाला. थोडक्यात, अमेरिकेत पोहोचण्याआधीच त्याच्या नावामागे पुरस्कारांची रांग लागली होती.

अमेरिकेत पैसा आला कुठून?

अमेरिकन प्रेक्षक सबटायटल्स वाचायला फारसे राजी नसतात, असा तिथल्या धंद्याचा जुना समज. तोवर तिथे सर्वाधिक कमावलेला परभाषिक सिनेमा होता ‘इल पोस्तिनो’ (तोही इटालियनच). त्याची कमाई होती सुमारे २ कोटी १८ लाख डॉलर. ‘लाइफ इज ब्युटिफुल’ने त्याच्या अडीच पटीहून जास्त मजल मारली.

दोन्ही सिनेमांचं अमेरिकेतलं वितरण एकाच कंपनीकडे होतं, मिरामॅक्स. तिचे प्रमुख हार्वी वाइनस्टीन (पुढे लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात दोषी ठरलेले) ऑस्करसाठी आक्रमक प्रचार करण्यासाठी ओळखले जायचे. त्यांची पद्धत ठरलेली होती. आधी मोठ्या शहरांतल्या मोजक्या थिएटरांत सिनेमा लावायचा, चांगली चर्चा होऊ द्यायची, मग हळूहळू थिएटरं वाढवत न्यायची. ऑक्टोबरात लागलेला सिनेमा फेब्रुवारीत नामांकनं जाहीर होईपर्यंत टिकून राहिला आणि त्यानंतर त्याने वेग घेतला. पुढे तो एकाच वेळी हजाराहून जास्त थिएटरांत होता.

दरम्यान बेनिनी स्वतः अमेरिकेत ठाण मांडून होते. मोडक्यातोडक्या इंग्रजीत मुलाखती, टीव्हीवरचे कार्यक्रम, भेटीगाठी. त्यांचं ते मोडकं इंग्रजी हीच सिनेमाची सगळ्यात मोठी जाहिरात ठरली.

ऑस्करनंतर १९९९ मध्येच मिरामॅक्सने इंग्रजी डबिंग केलेली आवृत्तीही आणली. ती चालली नाही. ज्या प्रेक्षकाला सबटायटल्स नकोत असं धंद्याने धरून ठेवलं होतं, त्याने सबटायटल्सवालाच सिनेमा पसंत केला होता. पुढे २००२ मध्ये बेनिनी यांच्या ‘पिनोकिओ’ची इंग्रजी डब आवृत्ती तर अमेरिकेत पार आपटली आणि त्यांना वाईटातल्या वाईट कामासाठी दिला जाणारा ‘रॅझी’ मिळाला.

ऑस्करमध्ये नेमकं काय मिळालं?

सात नामांकनं अशी होती : सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, अभिनेता, मूळ पटकथा, संकलन, नाट्यमय चित्रपटाचं मूळ संगीत आणि परभाषिक चित्रपट. एका परभाषिक सिनेमाला सात नामांकनं हा तेव्हाचा विक्रम. शिवाय ‘परभाषिक चित्रपट’ आणि ‘सर्वोत्कृष्ट चित्रपट’ अशा दोन्ही गटांत एकाच वर्षी नामांकन मिळालेला तो दुसराच सिनेमा. पहिला १९६९ चा ‘झेड’.

मिळालेले पुरस्कार तीन :

- परभाषिक चित्रपट (या गटाला आता ‘इंटरनॅशनल फीचर फिल्म’ म्हणतात)
- मूळ संगीत : निकोला पिओवानी
- सर्वोत्कृष्ट अभिनेता : रोबेर्तो बेनिनी

तिसरा पुरस्कार सगळ्यात अनपेक्षित. समोर ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’चे टॉम हँक्स, इयान मकेलन, निक नोल्टी आणि एडवर्ड नॉर्टन होते. इंग्रजी सोडून दुसऱ्या भाषेतल्या भूमिकेसाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं ऑस्कर मिळवणारे बेनिनी पहिले. अभिनेत्रींमध्ये हा मान ‘टू विमेन’साठी सोफिया लॉरेन यांना आधीच मिळाला होता आणि योगायोगाने परभाषिक चित्रपटाच्या पुरस्काराचा लिफाफा त्यांनीच उघडला.

सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार ‘शेक्सपिअर इन लव्ह’ला गेला. तोही मिरामॅक्सचाच. म्हणजे त्या रात्री कंपनीचे दोन्ही खिसे भरले.

मग टीका कशाची?

इथे आकडे बाजूला ठेवावे लागतात.

पहिला आक्षेप इतिहासाचा. ऑशवित्झसारख्या छावणीत पोहोचलेल्या लहान मुलांपैकी बहुतेकांना गाडीतून उतरताच गॅस चेंबरकडे पाठवलं जात असे. बराकीत मुलाला लपवून ठेवणं आणि छावणीच्या लाउडस्पीकरवरून बायकोला निरोप देणं ही शुद्ध कल्पना आहे. इटलीतलं वास्तव किती क्रूर होतं याचा अंदाज एका घटनेवरून येतो. १६ ऑक्टोबर १९४३ रोजी रोममध्ये धरपकड झाली आणि हजाराहून जास्त ज्यूंना ऑशवित्झला पाठवलं गेलं. परत आले फक्त १६.

दुसरा आक्षेप हेतूचा. ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकाचे समीक्षक डेव्हिड डेन्बी यांनी सिनेमाला फैलावर घेतलं. ‘माउस’ या चित्रकादंबरीचे लेखक आर्ट स्पीगेलमन यांचे आईवडील स्वतः ऑशवित्झमधून वाचलेले. त्यांनी त्याच साप्ताहिकासाठी चित्र काढलं : छावणीतला एक हाडकुळा कैदी, हातात ऑस्करची बाहुली. मुद्दा असा की, प्रेक्षक रडून, हलका होऊन घरी जातो आणि नरसंहाराबद्दल आपल्याला काहीतरी कळलं असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात त्याला कळलेली असते ती एका बापाच्या प्रेमाची गोष्ट.

पण बचावाला उभे राहिलेलेही साधे नव्हते. हंगेरियन लेखक इम्रे केर्तेस किशोरवयात ऑशवित्झमध्ये होते. २००२ मध्ये त्यांना साहित्याचं नोबेल मिळालं. त्यांनी स्पिलबर्ग यांच्या ‘शिंडलर्स लिस्ट’वर टीका केली आणि बेनिनी यांच्या सिनेमाची बाजू घेतली. तपशील हुबेहूब असला की सत्य आपोआप येतं असं नाही, ही त्यांची भूमिका. बेनिनी यांनीही हा सिनेमा इतिहास म्हणून नव्हे, दंतकथा म्हणून मांडला. छावणीचं नाव सिनेमात कुठेच येत नाही.

बाकीच्या सिनेमांचं काय झालं?

‘लाइफ इज ब्युटिफुल’ हा नियम नव्हे, अपवाद आहे, हे तुलनेतून दिसतं.

पोलंडच्या ‘इडा’ला २०१५ मध्ये ऑस्कर मिळालं, त्या देशाचं या गटातलं पहिलंच. अमेरिकेतली कमाई ४० लाख डॉलरच्या आत. हंगेरीच्या ‘सन ऑफ सॉल’ला कानचा ‘ग्रां प्री’ आणि २०१६ चं ऑस्कर, म्हणजे बेनिनींच्या सिनेमासारखीच वाटचाल. पण जगभरातली कमाई एक कोटी डॉलरही नाही. त्यात कॅमेरा एका कैद्याच्या चेहऱ्याला चिकटून राहतो. छावणी मागे धूसर दिसते, आवाज मात्र सतत येत राहतात. तिथे प्रेक्षकाला सुटका नाही आणि बहुधा म्हणूनच गर्दीही नाही. २०२३ चा ‘द झोन ऑफ इंटरेस्ट’ हा जर्मन भाषेतला सिनेमाही ‘ग्रां प्री’ आणि ऑस्कर घेऊन गेला. त्याने पाच कोटी डॉलरच्या आसपास कमावले, पण तेही ‘लाइफ इज ब्युटिफुल’च्या पाव हिश्श्याच्या आतबाहेर.

‘सन ऑफ सॉल’ने जे ऑस्कर जिंकलं, त्याच वर्षी भारताची अधिकृत प्रवेशिका होती चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’. व्हेनिसमध्ये गौरवलेला हा सिनेमा ऑस्करच्या पहिल्या चाळणीतून पुढे गेला नाही. त्याआधी २००४ मध्ये ‘श्वास’ ऑस्करला निघाला तेव्हा अमेरिकेतल्या प्रचाराच्या खर्चासाठी महाराष्ट्रात लोकांनी वर्गणी काढली होती. मिरामॅक्ससारखा वितरक पाठीशी असणं म्हणजे काय, हे त्यावरून कळतं. चांगला सिनेमा ही प्रवेशाची अट झाली. तो मतदारांपर्यंत पोहोचवणं हा वेगळा आणि खर्चिक उद्योग आहे.

मग यशाचा अर्थ काय लावायचा?

सिनेमा चालला तो विनोदामुळे, बाप-मुलाच्या नात्यामुळे आणि शेवटी हाती लागणाऱ्या आशेमुळे. टीका झाली तीही नेमकी याच गोष्टींवर. तेव्हा २३ कोटी डॉलर हा आकडा सिनेमा किती लोकांपर्यंत गेला ते सांगतो. त्यांनी घरी काय नेलं, ते सांगत नाही.

सिनेमा जरूर बघा, मुलांनाही दाखवा. फक्त त्यांनी ‘खरंच असं झालं होतं का’ असं विचारलं, तर रोमच्या त्या १६ जणांबद्दलही सांगा.