अल जदीदा : मोरोक्कोतील पोर्तुगीज कोट

मोरोक्कोला जाणारे बहुतेक पर्यटक मराकेश आणि फेज पाहून परततात. कॅसाब्लांकाच्या नैऋत्येस सुमारे शंभर किलोमीटरवर, अटलांटिक किनाऱ्यावर वसलेले अल जदीदा त्यांच्याकडून सहसा राहून जाते. वसई किंवा रेवदंड्याचा कोट पाहिलेल्या मराठी माणसाला मात्र ही तटबंदी ओळखीची वाटेल. ती बांधणारेही पोर्तुगीजच होते.

पोर्तुगीजांनी १५१४ मध्ये येथे एक छोटी गढी उभारली. १५४१ मध्ये अगादीर त्यांच्या हातून गेले, तेव्हा साफी व अझेमूर ही ठाणी सोडून त्यांनी सारे बळ येथे एकवटले. तोफांच्या माऱ्याला तोंड देणारा, कोनाकृती बुरुजांचा किल्ला इटालियन पद्धतीने बांधण्यात आला. गावाला ते माझगाओ म्हणत.

सुमारे सव्वादोनशे वर्षांनी, १७६९ मध्ये, सुलतान मोहम्मद बिन अब्दुल्ला याच्या वेढ्यापुढे लिस्बनने गाव रिकामे करण्याचा हुकूम दिला. जाताना पोर्तुगीजांनी सुरुंग पेरले. पाच बुरुजांपैकी एक उद्ध्वस्त झाला. रहिवाशांच्या नशिबी मात्र मायदेशही नव्हता. लिस्बनमार्गे त्यांना ब्राझीलमध्ये, अॅमेझॉनच्या प्रदेशात नेऊन नवे माझगाओ वसविण्यात आले. तेथे आजही दरवर्षी जुलैत मूर व ख्रिश्चनांच्या लढाईचा देखावा उभा केला जातो. इकडे ओस पडलेल्या गावाला लोक ‘अल महदूमा’, म्हणजे उद्ध्वस्त, म्हणू लागले. एकोणिसाव्या शतकात ते पुन्हा वसले आणि ‘अल जदीदा’, म्हणजे नवे, झाले.

किल्ल्यातील सर्वांत देखणी वास्तू म्हणजे भूमिगत पाण्याचे टाके. मुळात कोठार म्हणून बांधलेल्या या दालनाचे पुढे टाक्यात रूपांतर झाले. २५ खांबांवर पेललेल्या कमानी आणि छताच्या मध्यभागी एकच गोल झरोका. फरशीवरील पाण्याच्या पातळ थरात कमानींचे प्रतिबिंब पडते. हे टाके विस्मृतीत गेले होते. १९१६ मध्ये एका दुकानदाराने दुकान वाढविण्यासाठी भिंत फोडली आणि ते सापडले. ऑर्सन वेल्स यांच्या ‘ऑथेल्लो’ या चित्रपटाचे काही चित्रण येथे झाले आहे. दुरुस्तीसाठी टाके बंद असल्यास फेरी वाया जाते, म्हणून आधी चौकशी करावी.

जवळच पोर्तुगीज चर्च आणि पाच बाजूंचा मिनार असलेली मशीद आहे. मिनाराचा असा आकार विरळाच. जुन्या टेहळणी बुरुजावर तो उभा राहिल्याने ही घडण झाली. ज्यूंच्याही वस्तीच्या खुणा येथे आहेत. तटावरून फिरताना समुद्र आणि मासेमारी बंदर दिसते. वसईच्या कोटात आज भग्न चर्च आणि झाडोरा उरला आहे. येथे तटाच्या आत कुटुंबे नांदतात. युनेस्कोने २००४ मध्ये हा कोट जागतिक वारसा यादीत घेतला.

हाताशी वेळ असल्यास उम्म अर-रबिया नदीकाठचे अझेमूर पाहावे. तटबंदीतील हे शांत गाव मोटारीने फार दूर नाही. दक्षिणेला मौलाय अब्दल्ला येथे ऑगस्टमध्ये मोठी जत्रा भरते. घोडेस्वार भरधाव दौडत एकाच क्षणी बंदुकांचे बार काढतात. त्याच रस्त्याने आणखी पुढे गेल्यास वालिदियाची खाडी लागते. तेथील कालवे मोरोक्कोभर प्रसिद्ध आहेत. मत्स्यप्रेमींनी दुपारचे जेवण तेथेच घ्यावे.