दख्खनचा कातळ आणि अमीनाबादची वाळू

विंधन विहीर घेण्यापूर्वी जमिनीची विद्युत प्रतिरोधकता मोजून घ्यावी, ही रीत महाराष्ट्रात सेवा केलेल्या अधिकाऱ्याच्या अंगवळणी पडलेली असते. टंचाईच्या नस्तीत भूवैज्ञानिकाचा दाखला नसेल तर ती नस्ती टेबलावरच राहते. पुढे लखनौत वास्तव्याचा योग आला, तेव्हा येथील क्रम उलटा असल्याचे दिसले. येथे आधी जमिनीत छिद्र पाडतात आणि मोजमाप त्यानंतर त्या छिद्रात उतरवतात. मीटर तोच, त्यामागील विज्ञानही तेच; परंतु त्याला विचारलेला प्रश्न निराळा. या एका फरकामुळे दोन प्रदेशांच्या सरकारी दप्तरात भूजलाविषयी काय साठत गेले आणि काय साठलेच नाही, हे बरेचसे ठरून गेले आहे. महाराष्ट्राबाहेर घर केलेल्या मराठी वाचकांना आपल्या गावची विहीर आणि सध्याच्या शहरातील नळ यांची सांगड घालताना हा इतिहास उपयोगी पडेल, असे वाटते.

पद्धत प्रथम थोडक्यात सांगतो. जमिनीत चार धातूच्या सळया एका सरळ रेषेत ठोकतात. बाहेरच्या दोन सळयांतून विजेचा प्रवाह सोडतात आणि आतल्या दोन सळयांमधील विद्युतदाबातील फरक मोजतात. या दोन आकड्यांच्या भागाकाराला सळयांच्या अंतरानुसार येणाऱ्या गुणकाने गुणले की ओहम-मीटर या एककात प्रतिरोधकता मिळते. बाहेरच्या सळया जसजशा दूर नेल्या जातात, तसतसा प्रवाह अधिक खोल थरांतून जातो आणि आकड्यांत खालच्या थरांचे प्रतिबिंब पडू लागते. कोरडा अखंड दगड विजेला फारसा वाव देत नाही; क्षार विरघळलेले पाणी देते आणि चिकणमाती तर फारच देते. म्हणजे हे यंत्र पाणी पाहत नाही. ते विजेला होणारा अडथळा पाहते आणि पाण्याचे अनुमान माणूस करतो. सर्वेक्षणावरील बहुतेक वाद हा भेद विसरल्यामुळे होतात.

या पद्धतीचा जन्म पाण्यासाठी झालेला नाही. पॅरिसच्या खाणविद्यालयातील प्राध्यापक कॉनराड श्लुंबर्जे यांनी १९१२ मध्ये नॉर्मंडीतील व्हाल-रिशे येथे जमिनीत प्रवाह सोडून पहिले नकाशे काढले, ते धातूंच्या खनिजाच्या शोधात. अमेरिकेच्या मानक संस्थेतील फ्रँक वेनर यांनी १९१५ मध्ये चार समान अंतरांवरील सळयांची रीत प्रसिद्ध केली. आपल्याकडील सर्वेक्षक आजही ‘वेनर’ आणि ‘श्लुंबर्जे’ ही नावे घेतात, ती या दोन मांडण्यांची. पुढे ५ सप्टेंबर १९२७ रोजी अल्सास प्रांतातील पेशेलब्रॉन येथे श्लुंबर्जे बंधूंच्या चमूने हेच मोजमाप तेलविहिरीच्या छिद्रात उतरवले आणि खोलीनुसार आलेख काढला. पृष्ठभागावरून आत डोकावणे ही एक शाखा झाली आणि छिद्रात उतरून भिंती चाचपणे ही दुसरी. महाराष्ट्राच्या वाट्याला मुख्यत्वे पहिली आली, लखनौच्या वाट्याला दुसरी.

महाराष्ट्राचा चार पंचमांशांच्या आसपास भूभाग बेसाल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचा आहे. लाव्ह्याचे थर एकावर एक साचून तो घडला. अखंड थरात पाणी राहण्यास जागाच नसते. ते राहते वरच्या मुरमात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. म्हणून एका शेतातील विहीर वैशाखातही उपसा देते आणि बांधापलीकडची कोरडी राहते. विहिरी खणणाऱ्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते; मुरूम, मांजऱ्या, गेरू, काळा पाषाण अशी थरांची नावे त्यांच्या बोलीत आहेत आणि भूवैज्ञानिकांनीही ती मोकळेपणाने स्वीकारली. जागा मात्र पाणाड्या दाखवी. त्याची फांदी किंवा हातावरचा नारळ हा श्रद्धेचा भाग होता. त्याचे झाडोऱ्याचे आणि उताराचे निरीक्षण मात्र पुष्कळदा अचूक असे. प्रशासनाची अडचण निराळी होती. सरकारी पैसा खर्च करताना ‘पाणाड्याने सांगितले’ हे कारण लेखापरीक्षणात टिकत नाही.

१९७२ च्या दुष्काळाने ही अडचण तीव्र केली. त्याच सुमारास राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली आणि हवेच्या दाबावर घण चालवून कातळ फोडणारी यंत्रे गावोगाव फिरू लागली. १९६७ च्या बिहारमधील दुष्काळापासून युनिसेफने अशी यंत्रे देशात आणण्यास मोठा हातभार लावला होता. पूर्वी महिनोन्‌महिने चालणारे काम आता एक-दोन दिवसांत होऊ लागले. त्यामुळे चूकही तितक्याच झपाट्याने होऊ शकत होती. छिद्र पाडण्याची गती वाढली म्हणून जागा ठरवण्याची गती वाढवणे भाग पडले. चार सळया, तारांची रिळे, बॅटरी आणि एक मीटर घेऊन दिवसाला दोन-तीन जागा तपासता येतात. प्रतिरोधकतेची पद्धत रुजली ती यामुळे. ती सर्वांत अचूक होती असे नव्हे. ती वेळेत पोहोचत होती.

मराठवाड्यातील माझ्या सुरुवातीच्या वर्षांत या सर्वेक्षणाचे आणखी एक अंग पाहावयास मिळाले. भूवैज्ञानिक वक्र काढतो, आदर्श वक्रांशी ताडून पाहतो आणि नकाशावर एक बिंदू ठेवतो. त्या बिंदूला गावातील गल्ल्या ठाऊक नसतात. तो पाटलाच्या वाड्याजवळ पडू शकतो, तसा दलित वस्तीच्या कडेलाही पडू शकतो. दुसऱ्या प्रकारात ‘बिंदू थोडा अलीकडे घ्या’ असा आग्रह हटकून सुरू होई. कातळात शंभर पावलांवर चित्र पालटते, हे सर्वांना ठाऊक असूनही होई. दाखल्यावर बिंदूच्या खुणा मोजून लिहिलेल्या असल्या, जुन्या वडापासून इतके मीटर, ओढ्याच्या काठापासून इतके, तर तो आग्रह परतवता येत असे. नुसते ‘गावाच्या पूर्वेस’ लिहिलेले असले तर नाही. तांत्रिक दाखला सामाजिक न्यायाचे साधन होऊ शकतो, हे कोणत्याही प्रशिक्षणात सांगितलेले मला आठवत नाही. काही गावांत पाणी कोणाच्या दारी लागेल हे मात्र त्या दोन ओळींनी ठरवले.

दाखल्यांमुळे आणखी एक गोष्ट नकळत घडली. प्रत्येक शासकीय विंधन विहिरीमागे जागा, खोली, थर, पाण्याचा उतारा आणि यशस्वी वा अयशस्वी असा शेरा यांची नोंद राहू लागली. नोंदी सर्वत्र सारख्या चांगल्या नव्हत्या. काही ठिकाणी तर शेजारच्या गावचे आकडे उतरवून घेतले असावेत, असा संशय येण्याइतक्या त्या सारख्या असत. तरीही पाणलोट क्षेत्रनिहाय भूजलाचा अंदाज बांधण्यास काही आधार मिळाला. केंद्राने १९७० मध्ये राज्यांना भूजल नियमनाचे प्रारूप विधेयक पाठवले होते. महाराष्ट्राने पिण्याच्या पाण्यापुरता कायदा १९९३ मध्ये केला. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून पाचशे मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर नको, ही त्यातील तरतूद अनेकांना परिचित असेल. तिची अंमलबजावणी किती झाली हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. परंतु पाचशे मीटर कोठून मोजायचे हे सांगणारा कागद निदान होता.

आता लखनौकडे येतो. नवाब अमजद अली शाह (कारकीर्द १८४२ ते १८४७) यांचे वजीर अमीनुद्दौला यांच्या नावाने वसलेले अमीनाबाद मराठी माणसाला परके वाटू नये. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून १९२६ मध्ये उभे राहिलेले संगीत विद्यालय येथून जवळच, कैसरबागेत आहे. उत्तर प्रदेशभर दिसणारा ‘इंडिया मार्क टू’ हातपंपही आपल्याच नात्यातला: १९७० च्या दशकात त्याची रचना करताना आधार घेतला गेला तो सोलापूर पंपाचा. कातळाच्या मुलखात सिद्ध झालेला पंप येथे वाळूतले पाणी उपसतो.

आणि वाळू येथे किती आहे? भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या आर. डी. ओल्डहॅम यांनी १८९० मध्ये लखनौच्या एका खोल छिद्राचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. पुढे भूकंपशास्त्रात कीर्ती मिळवलेले ओल्डहॅम ते हेच. ते छिद्र १,३३६ फूट, म्हणजे चारशे मीटरहून थोडे अधिक खोल गेले. समुद्रसपाटीच्याही सुमारे हजार फूट खाली जाऊन तळाचा खडक लागला नाही, सगळा गाळच. आपल्याकडे सहा फुटांवर पहार वाजते, हे ज्याने पाहिले आहे त्याला हा आकडा पचण्यास वेळ लागतो.

अशा भूमीत ‘पाणी कोठे आहे’ हा प्रश्नच उद्भवत नाही. प्रश्न येतो तो कोणत्या खोलीवर वाळू आहे, कोणत्या खोलीवर चिकणमाती, आणि त्या वाळूतले पाणी गोडे की खारे. येथे दख्खनची फूटपट्टी उलटी पडते. कातळात आकडा उतरला की आशा वाटते: अखंड पाषाण शंभर ओहम-मीटरच्या पुढे असेल, तर पाणी धरलेला भेगाळ थर साधारण वीस ते चाळीसच्या घरात येतो. गाळाच्या प्रदेशात आकडा फार उतरला तर ती चिकणमाती असते किंवा खारे पाणी. गोड्या पाण्याची वाळू त्याच्या वर असते. हा धडा घेण्यास खरे तर गंगेपर्यंत येण्याची गरज नाही. अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याचा खारपाणपट्टा हाही गाळाचाच प्रदेश आहे. तेथे उतरलेल्या आकड्याने पाणी सापडते, पण ते तोंडात धरवत नाही.

शिवाय अमीनाबादेत सळया ठोकणार कोठे? शंभर मीटर खोलीचा अंदाज घ्यायचा तर बाहेरच्या सळयांमध्ये तीनशे ते पाचशे मीटरचे सरळ अंतर लागते. या बाजारात पन्नास पावले सरळ चालणे हीच एक कसोटी आहे. जमिनीखाली जुने लोखंडी नळ, विजेच्या तारा आणि इमारतींचे अर्थिंग. मीटरवरील आकडा भूगर्भाचा की नळाचा, हे सांगणे कठीण होते. म्हणून येथे पेशेलब्रॉनची रीत. मातीचा रबडा फिरवत लहान व्यासाचे छिद्र पाडतात, नळ्या घालण्यापूर्वी त्यात तारेला बांधलेले उपकरण सोडतात आणि ते वर ओढताना प्रतिरोधकतेचा आलेख निघतो. वाळूच्या थरासमोर जाळीची नळी, चिकणमातीसमोर साधी नळी, खारा थर असल्यास तो बंद, आणि भोवती खडी. जाळी कोठे बसवायची हे तो आलेख पाहून काही तासांत ठरवावे लागते. तोवर छिद्र रबड्याच्या आधारावर उभे असते.

एका जुन्या इमारतीच्या रहिवाशांनी नव्या नलकूपाच्या कामात मला मध्यस्थ म्हणून बोलावले होते. जुना नलकूप आटला होता आणि ठेकेदार ‘और नीचे’ जाण्याचा सल्ला देत होता. मी जुन्या छिद्राचा आलेख मागितला. तो कोणाकडेच नव्हता. कोणी काढला असेल तर त्याच्याकडे राहिला असेल, असे उत्तर मिळाले. त्यामुळे जुनी जाळी कोणत्या खोलीवर होती, पाणी खरोखरच खाली गेले की जाळी गाळाने बुजली, हे ठरवण्यास आधार नव्हता. रहिवाशांना दोन्हींचा खर्च गृहीत धरून नवे छिद्र घ्यावे लागले.

ही एका इमारतीची गोष्ट नाही. कोठेही खोदले तरी पाणी लागते, म्हणून कोणाला विचारावे लागले नाही. विचारावे लागले नाही, म्हणून नोंद झाली नाही. १८८२ च्या सुखाधिकार अधिनियमाने जमीनमालकास आपल्या हद्दीतील भूमिगत पाणी घेण्याची मुभा मानली आणि सुपीक गाळाच्या मुलखात तिला आव्हान देण्याचे कारण दीर्घकाळ कोणास पडले नाही. शहराच्या मध्यवस्तीतील पातळी मात्र दशकानुदशके खाली जात राहिली. उत्तर प्रदेशाचा भूजल व्यवस्थापन व नियमनाचा कायदा २०१९ चा, म्हणजे महाराष्ट्राच्या पहिल्या कायद्यानंतर सव्वीस वर्षांनी. त्यात छिद्र पाडणाऱ्या संस्थांच्या नोंदणीचीही तरतूद आहे आणि माझ्या मते ती सर्वांत मोलाची आहे. घरमालक विसरतो, घर विकतो. छिद्र पाडणारा त्याच परिसरात पुन्हा पुन्हा येत असतो.

२०१३-१४ मध्ये केंद्रीय भूजल मंडळाच्या जलधर नकाशांकनाच्या प्रायोगिक कार्यक्रमात हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने हेलिकॉप्टरमधून भूगर्भाची विद्युतचुंबकीय पाहणी केली. निवडलेल्या सहा क्षेत्रांत नागपूर जिल्ह्यातील चंद्रभागा पाणलोट होते. विजेच्या तारांच्या जाळ्यावरून उडताना या उपकरणालाही भूगर्भ नीट ऐकू येत नाही, म्हणून दाट शहरांना त्याचा उपयोग मर्यादितच राहणार. अमीनाबादखाली काय आहे याची माहिती आजवर पाडलेल्या छिद्रांतच आहे. तिचे काही आलेख ठेकेदारांच्या खणांत पिवळे पडत आहेत. नव्या परवानगीसोबत जुन्या छिद्राचा आलेख मागण्याचे एक परिपत्रक निघाले, तर त्यांतील काही अजून हाती लागतील.