दऱ्या, दर्या आणि गिट: न दिसणाऱ्या बदलांचा इतिहास

समजा, तुम्ही जयपूरला शिकता आहात. वर्गातल्या चौघांनी मिळून शहराजवळच्या किल्ल्यांची माहिती हिंदीत लिहायला घेतली आहे आणि ती फाइल गिटमध्ये ठेवली आहे. एका मैत्रिणीने त्यात फक्त एक सन दुरुस्त केला. गिट मात्र सांगते, की ‘नाहरगढ़’ आणि ‘जयगढ़’ हे शब्द असलेली प्रत्येक ओळ बदलली आहे. जुनी आणि नवी ओळ शेजारी ठेवून पाहिली, तर नुक्त्याचाही फरक दिसत नाही. ‘गिट ब्लेम’ ही आज्ञा दिली, की या सगळ्या ओळींपुढे त्या मैत्रिणीचे नाव येते. तिने तर त्यांना हातही लावलेला नाही! हे कसे झाले ते कळण्यासाठी थोडे मागे जाऊ.

१९७२ मध्ये बेल लॅब्जमध्ये मार्क रॉचकाइंड यांनी एससीसीएस ही व्हर्जन कंट्रोल प्रणाली तयार केली. फाइलमध्ये कोणत्या ओळी आल्या आणि कोणत्या गेल्या, याची नोंद ती ठेवत असे. १९७४ मध्ये युनिक्सबरोबर ‘डिफ’ हा प्रोग्रॅम आला, तोही ओळी ताडून पाहणारा. म्हणजे बदल मोजण्याचे माप ठरले ओळ. पण ओळ संपते कुठे, यावरच एकमत नव्हते. टेलिप्रिंटरला छपाईचा भाग डावीकडे आणायला एक खूण लागे (कॅरेज रिटर्न) आणि कागद वर सरकवायला दुसरी (लाइन फीड). युनिक्सने फक्त दुसरी ठेवली, डॉस आणि विंडोजने दोन्ही. त्यामुळे एखाद्या एडिटरने फाइल जतन करताना ओळींचे शेवट आपल्या पद्धतीने बदलले, की एका शब्दाची दुरुस्ती केलेली फाइल संपूर्ण नव्याने लिहिल्यासारखी दिसते. विंडोजच्या नोटपॅडला नुसत्या लाइन फीडने संपणाऱ्या ओळी २०१८ पर्यंत ओळखताच येत नव्हत्या. देवनागरी टिकवायची म्हणून यूटीएफ-८ निवडले, तर जुने नोटपॅड फाइलच्या सुरुवातीला न दिसणारे तीन बाइटही घालत असे.

लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये गिट लिहिले, तेव्हा फाइलची ओळख तिच्या बाइटांवरून काढलेल्या हॅशवर बसवली. एक बाइट बदलला की हॅश बदलतो. ओळींच्या शेवटांसाठी गिटमध्ये पुढे सोय झाली. फाइलमधल्या अक्षरांना मात्र ते आपण होऊन हात लावत नाही. मला ही भूमिका योग्य वाटते, पण तिचा भार देवनागरीत लिहिणाऱ्यांवर जास्त पडतो.

युनिकोडमध्ये ‘ढ़’ दोन प्रकारे लिहिता येतो: एकाच संकेतांकाने, किंवा ‘ढ’ आणि नुक्ता अशा दोन संकेतांकांनी. युनिकोडच्या लेखी दोन्ही समान आहेत, पण बाइट वेगळे. जतन करताना एखाद्या एडिटरने मजकुराचे प्रमाणीकरण केले, तर एकसंध ‘ढ़’ फुटून दोन संकेतांक होतात. मैत्रिणीच्या फाइलमध्ये नेमके हेच घडलेले असू शकते. (मराठीतल्या ‘ऱ’ला उलटा नियम आहे. ‘र’ आणि नुक्ता मिळून प्रमाणीकरणात एकच संकेतांक होतो.)

मराठीत याहून अवघड जागा आहे. ‘दऱ्या’मधला अर्धा र लिहायच्याही दोन रीती आहेत. एकीत ‘ऱ’ला हलन्त जोडतात, ही रीत इस्की या भारतीय मानकाशी जुळणारी. दुसरीत ‘र’, हलन्त आणि त्यानंतर शून्य रुंदीचा जोडक हे न दिसणारे चिन्ह येते. युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून ही ठेवलेली आहे. पडद्यावर दोन्ही सारख्या, पण प्रमाणीकरणानेही त्या एक होत नाहीत. एका रीतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या रीतीने शोधला, तर साध्या शोधात सापडत नाही.

आता एखादा एडिटर, किंवा त्याला जोडलेले प्लगइन, न दिसणारी चिन्हे कचरा समजून झाडून टाकते असे धरा. दुसऱ्या रीतीने लिहिलेल्या ‘दऱ्या’चा लगेच ‘दर्या’ होतो, म्हणजे डोंगरातून थेट समुद्रात. ‘आचाऱ्यांना जेवणाचे सांगा’ हे वाक्य ‘आचार्यांना जेवणाचे सांगा’ असे होते. शुद्धलेखन तपासणीही अडवत नाही, कारण दोन्ही शब्द शुद्धच आहेत. पाचशे ओळींच्या बदलात ही एक ओळ कोण वाचणार?

अशा वेळी ‘एडिटरने काहीतरी केले असेल’ म्हणून बदल मान्य करू नका. संशयित ओळ बाइट दाखवणाऱ्या साधनात उघडा आणि संकेतांक मोजा. ‘ढ़’चा नुसता फरक असेल, तर प्रमाणीकरणाची एक वेगळी नोंद करा आणि तिच्या संदेशात तसे स्पष्ट लिहा, म्हणजे मैत्रिणीची सनाची दुरुस्ती त्यात बुडणार नाही. जोडक गळाला असेल, तर ओळ मागच्या नोंदीतून परत आणा. गिटने ते तीन बाइट तिथे जसेच्या तसे ठेवलेले असतात.