श्वानशिक्षण : काठी, दोरी आणि घांस

घोडा फेरणाऱ्या माणसाला मराठींत चाबुकस्वार म्हणतात. धंद्याच्या नांवांतच हत्यार आलें आहे. कुत्रा शिकविणाऱ्याला मात्र आमच्या भाषेनें वेगळें नांवच दिलें नाहीं. त्याचें शेपूट नळींत घातलें तरी वांकडेंच, हा आपला त्याच्याविषयींचा जुना निकाल. इंग्रजींत ह्या विद्येला पूर्वीं 'डॉग ब्रेकिंग' म्हणत, म्हणजे शिकारी कुत्र्याला वळण लावणें म्हणजे त्याला मोडणें. हचिन्सन नांवाच्या लष्करी अधिकाऱ्याचा १८४८ सालचा ग्रंथ ह्याच नांवाचा आहे. परंतु नांवावरून जुना काळ सगळाच काठीचा होता असें समजणें चूक होईल. १८८२ सालीं अमेरिकेंत हॅमंड ह्यानें आपल्या ग्रंथाच्या नांवांतच 'शिकविणें विरुद्ध मोडणें' असा वाद मांडला आणि पिलाला मांसाचा तुकडा देऊन शिकवावें, मारूं नये, असें प्रतिपादन केलें. तेव्हां दंडाची रीत जुनी आणि बक्षिसाची नवी, हा जो सरधोपट इतिहास हल्लीं सांगितला जातो तो आम्हांस मान्य नाहीं. दोन्ही रीती शेजारीशेजारीं चालत आल्या आहेत. त्यांपैकीं कोणती केव्हां वरचढ झाली तें मुख्यतः शिकविणाऱ्याच्या हातांतील दोरीच्या लांबीवर ठरलें, असें आमचें मत आहे.

दंडपक्षाचा खरा आचार्य म्हणजे प्रशियाच्या पोलिसखात्यांतील कोनराड मोस्ट. १९०६ सालीं त्यानें पोलिसी कुत्रे तयार करण्यास आरंभ केला व १९१० सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. दोरी, छडी, प्रसंगीं कांटेरी पट्टा हीं त्याचीं साधनें; कुत्र्यानें बंड केलें तर माणसानें त्याला नमविलेंच पाहिजे हा त्याचा दंडक. तथापि त्यास नुसता क्रूर शिपाई ठरविणें अन्यायाचें होईल. कुत्र्याला पापपुण्य कळत नाहीं, माराचा किंवा गोंजारण्याचा संबंध तो त्याच क्षणीं चाललेल्या कृतीशीं जोडतो, हें त्यानें स्वच्छ ओळखलें होतें. शाबासकीलाही त्याच्या पद्धतींत जागा होती.

हें तत्त्व आम्हांस फार उशिरां कळलें. आमच्या लहानपणीं घरीं मोती नांवाचा गांवठी कुत्रा होता. त्यानें एकदां वडिलांची नवी वहाण चावली. आम्हीं त्याला हांक मारली, तो शेपूट हालवीत आला, आणि आम्हीं त्याला वेताच्या छडीनें झोडपलें. आमच्या मतें ती शिक्षा वहाणेबद्दल होती. मोतीच्या मतें ती हांकेला धांवून आल्याबद्दल होती. पुढें वहाणा तो चावीतच राहिला, आमच्या हांकेला मात्र आला नाहीं.

मोस्टच्या रीतीला दोरी लागते. जेथें दोरी पोंचत नाहीं तेथें काय करावें, हा प्रश्न पहिल्या महायुद्धानें उभा केला. १९१७ सालीं इंग्लंडांत शूबरीनेस येथें लेफ्टनंट कर्नल रिचर्डसन ह्यांनीं लष्करी कुत्र्यांची शाळा काढली. फ्रान्सच्या आघाडीवर तारायंत्राच्या तारा तुटत, निरोपे वाटेंत मरत. त्यांच्या जागीं कुत्रे हवे होते. कांहीं बेवारशी कुत्र्यांच्या आश्रमांतून आणले, कांहीं लोकांनीं आपल्या घरचे दिले. कामाची रीत अशी कीं, कुत्र्याचा रक्षक मागें ठाण्यावर राही. दुसराच शिपाई कुत्र्याला पुढें खंदकांत नेई आणि गळपट्ट्याला चिठ्ठी अडकवून मोकळें सोडी. तेथून चिखल, कांटेरी तारा आणि तोफांचे गोळे ह्यांमधून त्याला एकट्यालाच परत यावयाचें असे. त्या वाटेवर पट्टा ओढावयाला कोण होतें? आणि ज्याच्या छडीचें भय आहे त्याच्याकडे कुत्रा जीव घेऊन धांवत जाईलच कशाला? म्हणूनच रिचर्डसन ह्यांचा नियम असा होता कीं, चुकलेल्या कुत्र्याला मारूं नये, पुन्हां दाखवावें. रक्षक निवडतांना त्याला कुत्र्यांची मनापासून ममता आहे कीं नाहीं हें ते पाहत. वाटेंतल्या इतर शिपायांना तर, निरोप्या कुत्र्याला कुरवाळूं नये कीं खाऊं घालूं नये, अशी ताकीद असे.

शास्त्र ह्याच्या मागून आलें. थॉर्नडाइकनें पेटींत कोंडलेल्या मांजरांवरून प्रथम असा सिद्धांत मांडला होता कीं, सुख कृतीला बळकट करतें आणि दुःख तिला दुबळें करतें. १९३२ च्या सुमारास त्यानें त्याचा उत्तरार्ध जवळजवळ मागें घेतला. आपली चूक छापून कबूल करणारा प्राध्यापक विरळा. आम्ही त्याच धंद्यांतले असल्यामुळें हें अधिकारानें सांगतों. पुढें १९५१ सालीं स्किनरनें, टिकटिक वाजणाऱ्या साध्या खेळण्याच्या आवाजानें बरोबर तो क्षण टिपावा व मग घांस द्यावा, अशी युक्ति सामान्य वाचकांसाठीं लिहिली. कुत्रेवाल्यांनीं तिच्याकडे फारसें लक्ष दिलें नाहीं. त्यांच्या हातांत दोरी होती. १९६२ सालीं अमेरिकेंत कोहलर ह्याचें पुस्तक निघालें, त्यांत अंगण उकरणाऱ्या कुत्र्याचें तोंड त्याच खड्ड्यांतील पाण्यांत बुडवावें असा उपाय आहे. आणि तें पुस्तक अफाट खपलें.

डॉल्फिनला पट्टा बांधतां येत नाहीं, तो रागावला तर हौदाच्या दुसऱ्या टोकाला निघून जातो. १९६३ सालीं हवाई बेटांवर कॅरन प्रायर ह्या बाई डॉल्फिन शिकवूं लागल्या, त्यांना शिटी आणि मासा ह्यांवांचून गत्यंतरच नव्हतें. त्यांच्या १९८४ सालच्या पुस्तकामुळें आणि पुढें घेतलेल्या वर्गांमुळें स्किनरची विसरलेली युक्ति पाण्यांतून जमिनीवर, कुत्र्यांपाशीं परत आली.

२०२० सालीं पोर्तुगालांतील संशोधकांनीं दोन्ही पद्धतींच्या शाळांतील ९२ पाळीव कुत्र्यांची पाहणी प्रसिद्ध केली. शिक्षेच्या शाळांतील कुत्रे शिकतांना अधिक धापा टाकीत, ओठ चाटीत. त्यांच्या लाळेंतील कॉर्टिसोल हें ताणाचें द्रव्य शिकवणीनंतर अधिक वाढलेलें आढळलें. ज्यांना सर्वांत जास्त शिक्षा होई त्यांच्यापुढें संशयाच्या जागीं एखादी वाटी ठेवली, तर तींत खाऊ असेल अशी आशा त्यांना कमी वाटे. ते तिकडे रेंगाळत जात.

मोती आमच्याकडे आणखी सात-आठ वर्षें होता. धाकटी बहीण भाकरीचा तुकडा घेऊन दारांत उभी राहिली कीं तो धांवत येई. त्या वेळीं आम्ही ओटीवर बसलेले असलों, तर मात्र तो अंगणांतच थांबे.