आर्णीत प्लॉट घेताय? इसाराआधी काय पाहावे, सौदा अडकला तर काय करावे

आपल्या घरांत चार पैसे साठले की पहिला विचार येतो प्लॉटचा. मुलीच्या लग्नाला, मुलाच्या शिक्षणाला कामी येईल म्हणून. आर्णी हे नागपूर-तुळजापूर महामार्गावरचे तालुक्याचे गाव. रस्त्यालगतच्या शेतात लेआऊट पडले की नातेवाईक, ओळखीचे दलाल घरी येतातच.

व्याज नको म्हणून आपल्यातले बरेच जण बँकेचे कर्ज टाळतात आणि मालकाला थेट हप्त्याने पैसे देतात. नियत चांगलीच आहे. पण कर्ज देणारी बँक आधी वकिलाकडून जागेचे जुने कागद तपासून घेते. बँक मध्ये नसली की ती तपासणी कोणीच करत नाही. म्हणून ती आपणच करायची, आणि इसार देण्याआधी करायची. "आपलाच माणूस आहे, लिहायचे कशाला?" असे कोणी म्हटले तर सूरह बकराची आयत २८२ आठवावी. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आणि साक्षीदार घेण्याचा हुकूम तिथेच आहे.

विकणाऱ्याला तेवढा हक्क आहे का?

सर्वात जास्त सौदे इथे फसतात. समजा, एका मरहूम मालकाच्या मागे बेवा, दोन मुले आणि एक मुलगी आहे. शरीयतप्रमाणे जागेचे ४० भाग केले तर बेवाचे ५, प्रत्येक मुलाचे १४ आणि मुलीचे ७. सातबारावर फक्त मोठ्या भावाचे नाव असले तरी तो आपले १४ भागच विकू शकतो. सातबारा हा महसुलाचा कागद आहे, मालकी त्याने ठरत नाही. उद्या बहिणीने वाटणीचा दावा लावला तर घेणाराही कोर्टात उभा राहतो. म्हणून सगळ्या वारसांच्या सह्या खरेदीखतावर घ्या. बहिणीने हक्क सोडला असे सांगितले तर नोंदणी झालेले हक्कसोडपत्र मागा.

वारसांत अठरा वर्षांखालचे मूल असेल तर आणखी जपा. मुस्लिम कायद्यात आई ही मुलाच्या मालमत्तेची कायदेशीर पालक धरली जात नाही. १९१८ साली प्रिव्ही कौन्सिलने इमामबांदी खटल्यात हेच ठरवले. पालक व पाल्य कायदा १८९० खाली कोर्टाची परवानगी नसेल तर मुलाच्या हिश्श्याची विक्री टिकत नाही.

सातबारावर "भोगवटादार वर्ग २" असेल तर सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय बिगरआदिवासीला घेता येत नाही. ती मूळ मालकाला परत जाऊ शकते. आर्णी विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे, म्हणजे हा प्रश्न आपल्याकडे नेहमीचा. "इतर हक्क" या रकान्यात मस्जिद, दर्गा, कब्रस्तान किंवा इनामाचा उल्लेख दिसला तर तिथेच थांबा. वक्फची जमीन विकता येत नाही, मग मुतवल्लीने सही केली तरी.

कोणता कागद चालतो, कोणता नाही

स्टॅम्पपेपरवर नोटरी केली म्हणजे मालकी मिळाली असे होत नाही. मुखत्यारपत्रावर केलेल्या "विक्री"ने मालकी जात नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले. घरटॅक्सची पावतीही मालकीचा पुरावा नव्हे. सातबारा आणि जुने फेरफार, दुय्यम निबंधक कार्यालयातला तीस वर्षांचा सर्च, अकृषक परवानगी, मंजूर नकाशा आणि भूमी अभिलेखची मोजणी, एवढे पाहा. जागा अरुणावतीच्या बाजूची असेल तर पूररेषाही विचारा.

गुंठ्या-दोन गुंठ्यांचे तुकडे वेगळीच अडचण आणतात. तुकडेबंदी कायदा १९४७ चा. जुलै २०२१ च्या परिपत्रकाने अशा तुकड्यांच्या रजिस्ट्र्या थांबल्या. मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते परिपत्रक रद्द केले, पण कायदा राहिला. त्यामुळे रजिस्ट्री होऊनही फेरफार अडू शकतो. २०२५ मध्ये शासनाने जुने तुकडे नियमित करण्याची वाट काढली, ती आधीच अडकलेल्यांसाठी. तिच्या भरवशावर नवा तुकडा घेऊ नका.

इसार देताना

रक्कम बँकेतूनच द्या. जागेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे. इसारचिठ्ठीत रजिस्ट्रीची तारीख, चतुःसीमा आणि कागदात दोष निघाल्यास पैसे परत देण्याची मुदत लिहा. लेआऊट महारेरात नोंदलेला असेल तर नोंदणीकृत कराराशिवाय दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मागता येत नाही.

सौदा अडकलाच तर

१. पुढचा हप्ता थांबवा. चिठ्ठी, बँकेच्या नोंदी, व्हॉट्सॲपचे मेसेज जपा, वकिलामार्फत नोटीस द्या.

२. तारीख मोजा. रजिस्ट्री करून मागण्याचा दावा ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षांत लावावा लागतो. तारीख ठरली नसेल तर समोरच्याने नकार दिल्याचे कळल्यापासून. उरलेली रक्कम द्यायला आपण तयार होतो, हेही दाखवावे लागते.

३. जमातीत समझोता करायला हरकत नाही, पण बैठका चालू आहेत म्हणून कायद्याची मुदत थांबत नाही. "पुढच्या ईदला देतो" यातच तीन वर्षे निघून जातात. समोरच्याने पैसे देणे असल्याचे मुदतीच्या आत सही करून लिहून दिले, तर वसुलीची मुदत त्या दिवसापासून नव्याने सुरू होते. म्हणून समझोता तारखेसह लेखी घ्या.

४. नोंदणी लागणाऱ्या लेआऊटची तक्रार महारेराकडे ऑनलाइन करता येते. एकच प्लॉट दोघांना विकला असेल तर ती फसवणूक आहे, पोलिसांत तक्रार द्या.

५. महिलांना उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा.

सर्च आणि मोजणीचा खर्च प्लॉटच्या किमतीपुढे थोडा आहे. विकणारा "आधी इसार द्या, कागद नंतर दाखवतो" म्हणाला, तर सलाम करून घरी यावे. प्लॉट दुसरा मिळेल. बुडालेली बचत परत उभी करायला वर्षे जातात.