कलम ३७७: न बोलता झालेला कायदा

हिंदुस्थानसाठी फौजदारी कायद्याचा मसुदा थॉमस मेकॉले याच्या आयोगाने १८३७ साली सादर केला. गुन्हा कसा ओळखावा, हे उदाहरणं देऊन समजावणारा हा मसुदा ‘अनैसर्गिक’ संबंधांपाशी मात्र गप्प झाला. या विषयाची जाहीर चर्चाच नको, म्हणून त्या कलमांची कारणं देणं मेकॉलेने टाळलं. १८६२ मध्ये लागू झालेल्या दंडसंहितेत हा गुन्हा ३७७ वं कलम म्हणून आला. शिक्षा जन्मठेपेपर्यंत. निसर्गक्रमाविरुद्ध म्हणजे काय, हे नीट सांगितलेलं नाही. दोघांची संमती होती का, हेही विचारलेलं नाही.

मूळ त्याहून जुनं. १५३३ मध्ये, आठव्या हेन्रीच्या काळात, इंग्लंडने चर्चच्या न्यायालयांकडचा हा विषय राजाच्या न्यायालयांकडे आणला आणि शिक्षा ठेवली फाशीची. जेम्स प्रॅट आणि जॉन स्मिथ यांना १८३५ मध्ये न्यूगेट तुरुंगापुढे फाशी झाली, ती या गुन्ह्यासाठीची तिथली शेवटची. मेकॉलेचा मसुदा त्यानंतर दोनच वर्षांनी आला. ३७७ म्हणजे भारतीय संस्कृतीचं कवच, हा दावा म्हणूनच टिकत नाही. सिंगापूर आणि ब्रह्मदेशातही हे कलम क्रमांकासकट पोचलं होतं.

बोलणाऱ्यालाही शिक्षा होई. समलिंगी संबंधांसह वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात उत्तरं दिल्याबद्दल र. धों. कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला ते हरले.

एचआयव्ही रोखण्याच्या कामात कलम ३७७ चा अडथळा होतो, म्हणून नाझ फाउंडेशन ही संस्था २००१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेली. २ जुलै २००९ रोजी मूळचे सोलापूरचे न्या. अजित शहा आणि न्या. मुरलीधर यांनी सज्ञानांमधले संमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळले. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. दीडशे वर्षांत दोनशेहून कमी जणांवर खटले झाले, हेही एक कारण दिलं. कलमाचा धाक घालून उकळलेले पैसे आणि पोलिसांचा छळ अशा मोजणीत कसे दिसणार?

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्याच पाच न्यायमूर्तींनी २०१३ ची ही चूक एकमताने दुरुस्त केली. समलिंगी विवाहाचा हक्क मात्र २०२३ मध्ये नाकारला गेला. १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेत ३७७ नाही. पण संमतीविना झालेल्या संबंधांसाठी २०१८ नंतरही राखलेला त्याचा भागही त्यासोबत गेला. पुरुषावर बलात्कार झाला तर काय, याबद्दल नवी संहिता काहीच बोलत नाही.