आजारपणातला पगार : थोडासा इतिहास



आपल्या मंडळाच्या चिटणीसबाईंनी या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी इतिहासाचा एखादा विषय घ्या, असे मला सुचविले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. राजेरजवाड्यांचा इतिहास लिहिणे मला जमणार नाही. पण संसारातील एका गोष्टीचा इतिहास मी गेली काही वर्षे चार जाणत्यांना विचारून, आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलीकडून वाचवून घेऊन गोळा केला आहे. ती गोष्ट म्हणजे आजारपणातला पगार. घरातला मिळवता माणूस अंथरुणाला खिळला म्हणजे त्या दिवसांत घरात पैसा कोठून यावा, हा तो प्रश्न.

आपले कुर्डुवाडी गाव रेल्वेने वाढविले हे सर्वांस ठाऊक आहेच. पूर्वी आपल्या स्टेशनाचे नाव ‘बार्शी रोड’ असे होते. १८९७ साली येथून बार्शीपर्यंत लहान रुळांची बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. १९०६ साली ती पंढरपूरला, १९११ साली लातूरला आणि १९२७ साली मिरजेला पोचली. १९५४ साली सरकारने ती कंपनीकडून विकत घेतली. आता लहान रुळांच्या जागी मोठे रूळ आले. पण त्या रेल्वेने आणि तिच्या कारखान्याने आपल्या गावात दोन प्रकारची घरे निर्माण केली, ती अजून तशीच आहेत. एक, महिन्याच्या महिन्याला पगार येणारी घरे. आणि दुसरी, त्या पगारवाल्यांना चहा, भाजी, कपडे, दाढी, टांगा पुरवून रोज मिळवणारी घरे.

माझे माहेर पहिल्या प्रकारचे. वडील कारखान्यात होते. ते आजारी पडले की ‘सिक’मध्ये जात, आणि बरे झाल्यावर डॉक्टरचा ‘फिट’चा दाखला घेऊन पुन्हा कामावर हजर होत. रेल्वेच्या माणसाला वर्षाला २० दिवसांची अर्धपगारी रजा खात्यावर जमा होते. डॉक्टरचा दाखला असला तर असे दोन दिवस मोडून एक दिवस पूर्ण पगारी करून मिळतो. त्यामुळे वडिलांना एकदा महिनाभर विषमज्वर झाला, तरी आमच्या घरी वाण्याची उधारी वाढल्याचे मला आठवत नाही. आई काळजी करी ती त्यांच्या तापाची. पैशांची काळजी तिला नसे.

माझे सासर दुसऱ्या प्रकारचे. यजमान शिवणकाम करतात. आपल्याकडे पुष्कळ बायका नवऱ्याला ‘मालक’ म्हणतात, मीही म्हणते. पण आमच्या मालकांना वर कोणी मालक नाही, आणि सगळी मेख तेथेच आहे, हे मला २०१९ साली कळले.

त्या साली फाल्गुनात त्यांच्या छातीत पाणी झाले आणि क्षयाचे निदान झाले. सहा महिने औषध आणि पहिले तीन महिने मशीनवर बसायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले. नेमकी लग्नसराई तोंडावर आलेली. वर्षाची निम्मी मिळकत आमची त्या दिवसांत होते. औषधे सरकारी दवाखान्यात फुकट मिळाली, त्याबद्दल तक्रार नाही. पण घरभाडे, दुकानाचे भाडे, मुलीची फी, अंडी-दूध यांना फुकट असे काही नसते. आम्ही एका कंपनीचा आजारपणाचा विमा घेतला होता. कागद घेऊन गेले तेव्हा उत्तर मिळाले, “रुग्ण दवाखान्यात दाखल असेल तर बिल मिळेल. घरी झोपून राहिल्याचे पैसे मिळत नाहीत.” त्यांच्या नियमाप्रमाणे ते खरेच होते. मी परत आले आणि फॉल-पिको, काजे-बटणे, हातशिलाई यांवर घर ओढले. भिशीतील भगिनींनी माझा नंबर पुढे घेतला, तो उपकार मी विसरणार नाही.

तेव्हापासून मनात घोळू लागले, की आजारपणात घरी झोपल्याचे पैसे माझ्या वडिलांना मिळत, मग ते कोणाला मिळावेत आणि कोणाला नाही, हे ठरविले कोणी?

शोध घेता कळले की ही कल्पना फार जुनी नाही. १८८३ साली जर्मनीत बिस्मार्कच्या कारकिर्दीत कामगारांच्या आजारपणाच्या विम्याचा पहिला मोठा कायदा झाला. वर्गणीचे दोन हिस्से कामगाराने आणि एक हिस्सा मालकाने भरावयाचा. आणि कामगार आजारी पडला तर त्यास निम्मी मजुरी १३ आठवडे मिळावयाची. इंग्लंडात असा कायदा १९११ साली झाला.

आपल्याकडे प्रथम आले ते बाळंतपण. सोलापूर जिल्हा त्या वेळी मुंबई इलाख्यात होता. १९२९ साली त्या इलाख्यात कारखान्यातील स्त्रियांना प्रसूतिकाळात भत्ता देण्याचा कायदा झाला, आणि अशा प्रकारचा तो हिंदुस्थानातील पहिलाच. पुढे १९४३ साली सरकारने प्रा. बी. पी. आदारकर यांना कामगारांच्या आजारपणाच्या विम्याची योजना आखण्यास नेमले. त्या वेळी मध्यवर्ती सरकारात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. आदारकरांनी १९४४ साली अहवाल दिला, त्यावरून १९४८ साली कामगार राज्य विम्याचा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर येथे पंडित नेहरूंच्या हस्ते योजनेचा आरंभ झाला. यालाच आपण ‘इ.एस.आय.’ म्हणतो. सोलापूरच्या गिरणीत ज्यांचे कोणी नातलग होते, त्यांना हे नाव नवीन नाही.

या योजनेत आजचा नियम असा आहे. महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराच्या नावे मालक पगाराच्या सव्वातीन टक्के भरतो आणि कामगार पाऊण टक्का. कामगार आजारी पडला आणि विम्याच्या डॉक्टरने दाखला दिला, तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के रक्कम रोख मिळते. ९१ दिवस म्हणजे तेच १३ आठवडे, जर्मनीतील जुन्या कायद्याइतकेच! आणि क्षयासारखे लांबणारे दुखणे असेल, तर विम्यात दोन वर्षे झालेल्या कामगारास ८० टक्के आणि जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत मिळू शकते.

मी आमच्या घरचा हिशेब मांडून पाहिला. यजमानांची मिळकत सरासरीने महिन्याला १२,००० धरली, तर तेवढ्याच पगाराच्या गिरणीकामगाराला क्षय झाला असता त्याच्या घरी पहिले ९१ दिवस महिन्याला ८,४०० आणि पुढे ९,६०० रुपये आले असते. आमच्या घरी आले ५००. हे ५०० रुपये ‘निक्षय पोषण’ योजनेचे. ती एप्रिल २०१८ मध्ये सुरू झाली, आणि नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १,००० झाली. ती आहारासाठी आहे, मजुरीचा मोबदला म्हणून नव्हे. तरीही सांगते, क्षयाच्या रोग्याला मालक आहे की नाही हे न विचारता रोख पैसे देणारी ती एकच योजना आम्हाला भेटली. बँकेत ते पैसे जमा झाल्याचा निरोप मोबाइलवर आला, तेव्हा यजमान म्हणाले, “झोपून मिळवलेला हा माझा पहिला पैसा.”

स्वतःचा धंदा करणारा माणूस या कायद्यातून का सुटला? कोणी मुद्दाम वाईट केले असे मला वाटत नाही. अर्धी अडचण पैशाची आहे. विम्यात मालकाचा हिस्सा मोठा. आणि शिंप्याचा, भाजीवालीचा मालक कोण? दुसरी अडचण दाखल्याची. कारखान्यात हजेरीपट असतो, गैरहजेरी कळते. शिंपी आज दुकान उघडून बसला की घरी झोपला, हे कोणी नोंदवावयाचे? इंग्लंडने यातून वाट काढली होती. ५ जुलै १९४८ पासून तेथे स्वतःचा धंदा करणाऱ्यानेही दर आठवड्याला आपल्या कार्डावर तिकीट चिकटवावयाचे आणि आजारी पडल्यास डॉक्टरचा दाखला देऊन भत्ता घ्यावयाचा, अशी पद्धत सुरू झाली. म्हणजे अडचण मोठी असली तरी न सुटणारी नव्हे.

आपल्या महाराष्ट्रातही एक वाट निघाली, तिचा मला फार अभिमान वाटतो. बाजारातील हमालास एक मालक नसतो. सकाळी या अडत्याची पोती, दुपारी त्या अडत्याची. कै. अण्णासाहेब पाटील यांनी मुंबईत आणि डॉ. बाबा आढाव यांनी पुण्यात हमालांना एकत्र केले, आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. त्यात युक्ती अशी, की हमालांची नोंद एका मंडळाकडे राहावी, प्रत्येक व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही त्या मंडळाकडे भरावी, आणि त्यातून हमालांचा भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे, औषधोपचार चालावेत. शंभर मालकांचा मिळून एक मालक उभा केला! स्टेशनवरील हमालांची कथा निराळी. ते वर्षानुवर्षे रेल्वेचा बिल्ला लावत, पण रेल्वेचे नोकर नव्हते. २००८ साली रेल्वेने त्यांना गँगमन म्हणून घेण्याचे ठरविले, तेव्हा जे गेले त्यांच्या घरांना प्रथमच पगारी रजा मिळाली.

आपल्या सोलापुरात घरी बसून विड्या वळणाऱ्या हजारो भगिनी आहेत. त्यांच्यासाठी १९७६ साली कल्याण निधीचा कायदा झाला, आणि त्या निधीतून क्षय झालेल्या विडी कामगारास उपजीविकेसाठी दरमहा भत्ता देण्याची सोय करण्यात आली. 

त्यानंतरचे आपण पाहिलेच आहे. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना पहिल्या आठ जिल्ह्यांत आली, त्यांत आपला सोलापूर जिल्हा होता. २०१७ पासून तिला महात्मा फुले यांचे नाव आहे. दीड लाखाची तिची मर्यादा पुढे कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत वाढली. या योजनेने कित्येकांचे प्राण आणि दागिने वाचविले. २०१५ पासून बँकेतून अपघाताचा आणि मृत्यूचा स्वस्त विमाही मिळतो. पण नीट पाहा भगिनींनो: दवाखान्याच्या बिलाला पैसा आहे, अपघाताला आहे, मरणाला आहे; मात्र घरी पडून असलेल्या माणसाच्या बुडालेल्या रोजगाराला नाही. आंध्र प्रदेशाने २०१९ च्या डिसेंबरात ‘आरोग्य आसरा’ म्हणून योजना काढली होती. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर विश्रांती सांगतील तेवढ्या दिवसांचे रोज २२५ रुपये, महिन्याला जास्तीत जास्त ५,०००, रोग्याच्या खात्यात जमा होत. एका राज्यास सुचले ते दुसऱ्यासही सुचू शकेल.

आता २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे आणि १९४८ चा विम्याचा कायदा तिच्यात सामावला आहे. असंघटित कामगारांसाठीही विम्याचे लाभ देणारी योजना केंद्र सरकारला करता येईल, असे तिच्यात लिहिले आहे. ‘करता येईल’ आणि ‘केली’ यांत केवढे अंतर असते, हे संसार करणाऱ्या बाईला सांगावयास नको. पण मागावयास आधार मिळाला, हे थोडे नाही.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, ज्या घरी स्वतःचा धंदा आहे त्यांनी ई-श्रमची नोंद करून घ्यावी. २०२१ पासून ही नोंद चालू आहे. उद्या योजना झाली तर यादीत नाव असलेले बरे. दुसरी, दुखण्याचे सर्व कागद, तारखांचे दाखले, बँकेचे पुस्तक एका पिशवीत ठेवावे, आणि ती पिशवी घरातील बाईला माहीत असावी. कारण दुखणाईत माणूस स्वतः खेटे घालू शकत नाही, ते बाईलाच घालावे लागतात.

तिसरी सूचना मंडळासाठी. अहमदाबादच्या ‘सेवा’ संस्थेत इलाबेन भट्ट यांच्या मार्गदर्शनाखाली १९९२ साली कष्टकरी बायकांनी स्वतःचा विमा सुरू केला. त्यात पुढे पतीलाही घेता येऊ लागले. आपण एवढे मोठे नाही. पण आपण साठेक भगिनी आहोत. प्रत्येकीने महिन्याला २० रुपये वेगळे काढले तर महिन्याचे १,२०० आणि वर्षाचे १४,४०० होतात. एखाद्या घरी मिळवते माणूस आजारी पडून काम बंद झाले, तर रोज १०० रुपयांप्रमाणे १४ दिवसांचे १,४०० द्यावेत. वर्षात अशी दहा दुखणी निभावतील. दाखला डॉक्टरचा, आणि खात्री करण्यास शेजारच्या दोन भगिनी. आपल्या आळीत कोणाचे दुकान बंद आहे हे आपल्याला हजेरीपटावाचून कळते. मिळवते माणूस म्हणजे पुरुषच असे मात्र नियमात लिहू नये. खानावळ, पापड, शिवण करणारी बाई आजारी पडली तर तिलाही तो हक्क असावा.

१,४०० रुपयांत घर चालत नाही, हे मला कळते. पण त्यांत पंधरा दिवसांचे दूध, भाजी आणि वाण्याचा अर्धा हप्ता होतो. आणि मुख्य म्हणजे अंगात ताप असताना दुकान उघडण्याची घाई माणूस करत नाही. हमालांच्या मंडळाने जे मोठ्या प्रमाणावर केले, ते आपल्या मंडळाने लहान प्रमाणावर करून पाहावे. पुढील महिन्याच्या सभेत हा विषय घ्यावा, अशी चिटणीसबाईंना नम्र विनंती करून माझे लिहिणे पुरे करते.